धर्मखात्यातला ऐकणारा माणूस

धर्मखात्याच्या कचेरीत शिरलं की डाव्या हाताला चौकशीची खिडकी लागायची. खिडकी म्हणजे एक भलीमोठी काच आणि तिच्या तळाशी अर्धगोल भोक. हे भोक ज्यानं पाडलं त्यानं माणूस कधी पाहिलाच नसावा, कारण बोलायचं म्हणजे ठेंगण्या माणसालाही कमरेत वाकावं लागे. आलेला माणूस आधी वाकायचा, मग विचारायचा. आत खुर्चीवर बसलेल्या काकांना त्याचं कपाळ तेवढं दिसे आणि ते त्या कपाळावरच खेकसत.

कचेरीत त्यांना खेकसकाका म्हणत. पाठीमागेच म्हणत असं नाही, तोंडावरही म्हणत. काकांनाही त्याचं काही वाटत नसे. वडील बसकंडक्टर होते, गर्दीच्या बसमध्ये मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज मुलाकडे जसाच्या तसा आला होता. खात्यात काका टंकलेखक म्हणून लागले, पण आवाज ऐकून कुणीतरी वरच्यानं ठरवलं की हा माणूस खिडकीवर बरा. तेव्हा जे बसले ते बसलेच. केस गेले, चष्मा आला, खुर्चीची गादी दोनदा बदलली, काका तिथेच.

बाजू त्यांचीही होती, ती सांगायला हवी. राज्यातली सगळी प्रार्थनाघरं या खात्याकडे. कुठलं छप्पर गळतंय, कुठली किल्ली कुणाकडे राहील, कुठल्या प्रवचनकाराची बदली कुठे करायची, गेलेल्या माणसाला कुठल्या आवारात जागा द्यायची, सगळं इथूनच ठरे. पण ठरे ते वरच्या मजल्यांवर. खिडकीवर फक्त विचारलं जाई. काकांच्या हातात कुणाचा कागद इंचभर पुढे सरकवण्याचीही ताकद नव्हती, आणि दिवसभर जो तो वाकून त्यांनाच विचारी, "आमचं काय झालं?" भल्याभल्यांचं डोकं फिरलं असतं. काकांचं फिरलं, एवढंच.

"पाटी वाचता येत नाही का?" काका ओरडत.

"पाटी पडलीय हो, काका."

"मग वाकलाच आहात तर पडलेली वाचा!"

मात्र कुणाला मुद्दाम चुकीच्या खोलीत पाठवलं, कुणाकडून चहाचा घोट घेतला, वेळेआधी खिडकी लावली, असं त्यांच्या हातून कधी झालं नाही. तोंड सोडलं तर माणूस लाखात एक होता. पण खिडकीवर बसणाऱ्याचं तोंडच लोकांच्या वाट्याला येतं.

पेपरांत तर खात्याचं नाव पार मातीत गेलं होतं. एका सदरलेखकानं एक प्रार्थनाघर बरेच महिने कुलूपबंद राहिल्यावर खात्याला 'कुलूपखातं' म्हटलं. नाव असं चिकटलं की टॅक्सीवालेसुद्धा "कुलूपखात्याशी सोडू ना?" असं विचारू लागले. खात्यानं खुलासे छापले, सत्कार घडवले, नवा रंग दिला. त्या नव्या रंगावरही कुणीतरी लिहिलं की कुलुपाला रंग दिलाय. एका लेखकाच्या एका शब्दापुढे तीन मजल्यांची अख्खी इमारत हात टेकून बसली होती.

अशा दिवसांत एका सकाळी काकांची दाढ ठणकायला लागली.

ठणकायला लागली म्हणजे काय, डावा गाल भोपळ्यासारखा फुगला. बायकोनं लवंग दिली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, "आज रजा टाका" म्हणून विनवलं. काकांनी मान हलवली, कारण तोंड उघडलं की कळ थेट कानात जात होती. रजा न टाकण्याचा त्यांना भारी अभिमान होता. गालाला रुमाल लावून ते खिडकीवर जाऊन बसले.

साधारण अकराच्या सुमाराला एक आजी आल्या. खालच्या वस्तीतल्या एका लहानशा प्रार्थनाघराची किल्ली त्यांच्या नवऱ्याकडे असे. झाडलोट, दिवाबत्ती, दार उघडणं, लावणं, सगळं तोच करी, आणि त्याबदल्यात मागची एक खोली राहायला. नवरा गेला. आता खोलीवर आजींचं नाव लागायला हवं होतं, नाहीतर बाहेर पडायला हवं होतं. आजी भोकाशी वाकल्या आणि बोलू लागल्या. एरवी दुसऱ्या वाक्याला काका कडाडले असते, "दुसरा मजला, जमीन विभाग, पुढचा!" पण आज तोंडच उघडेना. आजी बोलत राहिल्या. नवरा कसा गेला, जायच्या आदल्या दिवशीही त्यानं पायऱ्या कशा धुतल्या, किल्ली उशाशी कशी ठेवली होती. काका मान हलवत होते, कारण तेवढंच जमत होतं. शेवटी दुसरा मजला कुठे हे खुणांनी सांगून पाहिलं, आजींना काही उमगेना. तेव्हा काका उठले, बाजूच्या दारानं बाहेर आले, आजींना हाताला धरून जिन्यानं वर नेलं आणि जमीन विभागाच्या टेबलासमोर उभं केलं. जमीन विभागवाल्यानं खेकसकाका गप्प आहेत हे पाहिलं आणि तो खुर्चीतून उठलाच. एवढा राग आलाय की शब्दही फुटत नाही, असं समजून त्यानं काम तिथल्या तिथे करून दिलं.

समोरच्या बाकावर एक बाई विणकाम करत बसल्या होत्या. मांडीवर लोकरीचा गुंडा, हातात सुया. शहरात त्यांना 'गुरुवारच्या बाई' म्हणत, कारण त्यांचं सदर गुरुवारी येई. चेहरा कुणाला ठाऊक नव्हता आणि तेच त्यांचं भांडवल होतं. इतर लेखक साहेबांच्या मुलाखती घेत. या बाई कुठल्याही कचेरीत जाऊन बाकावर बसत, विणत आणि बघत. विणणाऱ्या बाईपासून कुणी काही लपवत नाही. तिथे त्या एक अक्षर लिहीत नसत, घरी जाऊन लिहीत.

त्या गुरुवारी सदराचं शीर्षक होतं, 'धर्मखात्यात एक माणूस ऐकतो'.

काकांच्या घरी पेपर बायको मोठ्यानं वाचून दाखवी, आणि ती स्वयंपाकघरात असली तर तिकडूनच. त्या सकाळी ती वाचता वाचता बाहेर आली. काचेमागचा माणूस, त्याची ती शांत मान, एका शब्दानंही न तोडता शेवटपर्यंत ऐकणं, काच सोडून बाहेर येणं, म्हातारीचा हात धरणं. शेवटच्या ओळीपर्यंत तिनं वाचलं आणि पेपर खाली केला.

"कोण हो हा माणूस?" तिनं विचारलं. "एकदा आपल्या घरी पाठवता येईल का त्याला?"

काकांची दाढ तोवर निघाली होती. पण त्यांना काही बोलता आलं नाही.

पुढे जे झालं ते पेपरवाल्यांच्या जगात नेहमीच होतं. जिनं पाहिलं होतं तिनं एकदा लिहिलं, आणि ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांनी महिनाभर लिहिलं. कुणी 'माणुसकीची खिडकी' म्हटलं. कुणी राज्य आणि धर्म यांच्या नात्याचा नवा अध्याय त्या खिडकीत शोधला. एकानं काकांच्या डोळ्यांतल्या ओलसर करुणेचं वर्णन केलं, ती करुणा म्हणजे मोतीबिंदू होता. 'कुलूपखातं' हे नाव ज्यानं पाडलं होतं त्यानंही घाईघाईनं लिहिलं की कुलूप उघडतंय. टॅक्सीवाले आता विचारू लागले, "ऐकणाऱ्या माणसाकडे का?" संचालकसाहेबांनी मूळ लेख चौकटीत घालून खिडकीशेजारी टांगला. इमारत तीच, विभाग तेच, अडलेले कागदही तेच. पण खात्याला आता एक चेहरा मिळाला होता, आणि तो काकांचा होता.

काकांना मात्र ही सगळी थट्टा वाटत होती. दाढ गेली, आवाज परत आला, ते परत खेकसू लागले. मग एक दिवस दूरच्या गावाहून एक माणूस आला. खिशात लेखाचं कात्रण, घड्या पडून पडून मऊ झालेलं. तो भोकाशी वाकला, "आमच्या गावच्या..." म्हणाला, आणि काका कडाडले, "तिसरा मजला! पुढचा!"

माणूस हलला नाही. त्यानं काचेतून आत नीट डोकावून पाहिलं.

"ते ऐकणारे साहेब कुठायत?"

काकांना काय सुचावं? "रजेवर आहेत!"

"मग थांबतो," तो म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला.

बसला तो बसलाच. ना कुरकुर, ना चौकशी. मधून मधून कात्रण काढी, वाची, परत घडी घाली. काका दुसऱ्यांवर ओरडत होते, पण नजर पुन्हा पुन्हा त्या बाकाकडे जात होती. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा अर्धा तसाच परत बांधला. आपण या माणसाला काहीतरी देणं लागतो आणि ते आपल्याजवळ नाही, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. संध्याकाळी खिडकी लावायची वेळ झाली. काकांनी चष्मा पुसला, उठले, बाजूच्या दारानं बाहेर आले आणि त्याच्या शेजारी बाकावर बसले.

"सांगा," ते म्हणाले.

"आले का ते?"

"आले."

तो बोलू लागला. काकांनी मधे तोंड घातलं नाही. सोपं नव्हतं हे. जिभेच्या टोकाशी 'तिसरा मजला' सारखा उड्या मारत होता, काकांनी जुनी दाढ होती त्या जागेवर जीभ दाबून धरली. माणसाचं काम पुढे झालं की नाही कुणास ठाऊक, पण जाताना त्यानं दोन्ही हातांनी काकांचा हात धरला. काका घरी गेले तेव्हा बायकोनं विचारलं, "आज आवाज कुठे ठेवून आलात?"

तिथून माणूस बदलत गेला. एका दिवसात नाही, एवढी वर्षं मुरलेलं खेकसणं काय धुतल्यानं निघतं? पण काका खिडकी सोडून बाकावर बसू लागले. आलेल्याला वाकावं लागेना. ते ऐकत आणि मग कुठल्या मजल्यावर, कुणाला, काय म्हणायचं ते सांगत. कामं सगळी होत नसत. निम्मी वर जाऊन अडतच. पण आपलं काय अडलंय आणि कुठे, एवढं तरी माणसाला कळे. पेपरात छापून आलेल्या एका खोट्या माणसाला जागून काका खरे तसे होत गेले, आणि याचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. लोकांनी चांगलं म्हटलं की आपण खूश होऊन विसरतो. काकांनी ते अंगाला लावून घेतलं.

एक सल मात्र होता. कुणी पाया पडायला वाकलं की काकांना दुसऱ्याच्या ताटातलं खाल्ल्यासारखं होई. ती दाढ ते घराबाहेर कुणालाच सांगू शकले नव्हते. गुरुवारच्या बाईंना तर नाहीच. त्या लेखानंतर खात्यात बाईंचा चेहरा ओळखीचा झाला होता, पण त्या कधीमधी आल्या तर लांबूनच मान हलवत आणि दुसऱ्या मजल्यावर विणायला जात.

काही वर्षं अशी गेली. काकांच्या निवृत्तीची कुजबुज सुरू झाली असताना एक दिवस संचालकसाहेबांनी त्यांना आत बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. इथेच काकांना पाल चुकचुकल्यासारखं झालं, कारण साहेबांनी त्यांना आजवर बसा म्हटलं नव्हतं.

"ते खालच्या वस्तीतलं प्रार्थनाघर," साहेब म्हणाले, "किल्लीवाल्या आजींचं. तिथे मोठी इमारत होतेय. खात्याचं प्रशिक्षण केंद्र. आजींची खोली जाईल."

"मग आजी?"

"वृद्धाश्रमात सोय केलीय. शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, पण हवा चांगली आहे."

"त्यांना विचारलं?"

"त्यासाठीच तर तुम्हाला बोलावलं, काका." साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "निर्णय झालाय, सहीपण झालीय. पण नुसतं बाहेर काढलं की हे लेखकलोक पुन्हा कुलूपखातं म्हणून ओरडतील. म्हणून आजी मंगळवारी येतील. तुम्ही त्याच बाकावर बसायचं आणि नेहमीसारखं छान ऐकून घ्यायचं. मी गुरुवारच्या बाईंनाही बोलावलंय. 'तुमच्या लेखाची आठवण म्हणून या' म्हटलं, खूश झाल्या. तीच आजी, तोच माणूस, तोच बाक. बाई लिहितील की खात्यानं आजींचं सगळं ऐकून घेतलं. मग आठवड्यानं हुकूम निघाला की कुणाला काही वाटणार नाही."

"म्हणजे मी ऐकायचं आणि वर काही होणार नाही."

"वर व्हायचं ते झालंय हो. तुम्ही फक्त ऐका. त्यात तुमचा हातखंडा आहे." साहेब हसले. "निवृत्तीनंतर तुम्हाला त्या केंद्रात मानाची जागा देऊ. आणि मन नसेल तर तळघरात जुन्या कागदांपाशी एक टेबल रिकामं आहेच. तिथे बोलायला कुणी नसतं."

साहेब हे सगळं गोड आवाजात बोलत होते. त्यांनी आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता.

घरी काकांनी ताटावर बसून बायकोला सगळं सांगितलं. ती शांतपणे वाढत होती.

"मग काय करणार?"

"काय करू? माझ्या हातात काय आहे? खिडकीवरचा माणूस मी. ऐकून घ्यायचं तेवढं ऐकीन. निदान आजींना तेवढं तरी बरं वाटेल."

बायकोनं भांडं खाली ठेवलं. लग्नापासून तिनं काकांचा आवाज सोसला होता, आणि तो घरातून गेल्यापासून शेजारणीही म्हणत होत्या की तुमचं घर हल्ली फार सुनं वाटतं.

"त्या दिवशी तुम्हाला बोलता येत नव्हतं म्हणून ऐकलंत," ती म्हणाली. "आता तर बोलता येतंय ना?"

काकांनी आमटी पुन्हा वाढून घेतली नाही.

मंगळवारी बाकावर नवी गादी आली होती. शेजारी फुलदाणी. छायाचित्रकार भिंतीला टेकून उभा. गुरुवारच्या बाई समोर खुर्चीवर बसल्या, त्यांनी पिशवीतून लोकर काढली आणि सुया सुरू केल्या. केस पांढरे झाले होते. साहेब हात जोडून सगळ्यांचं स्वागत करत होते. जिन्यात, दारांत, टेबलांमागे कचेरी माना लांब करून बघत होती.

आजी आल्या. पार वाकल्या होत्या, पण कमरेची किल्ली तशीच. काकांना पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"अगं बाई, तुम्हीच आहात होय! मग माझा घोर गेला," त्या बाकावर बसत म्हणाल्या. "वस्तीत लोक काय काय बोलतात. खोली पाडणार म्हणे. मी म्हटलं, खात्यात आपला माणूस आहे. मला काही नको हो. पहाटे दार उघडते, दिवा लावते, लोक येतात. ते दार दुसऱ्यानं उघडलं तर माझा दिवस कसा उजाडायचा? मरेपर्यंत तेवढं राहू द्या. पुढे काय पाडायचं ते पाडा."

छायाचित्रकारानं एक फोटो काढला. साहेब मान डोलावत होते.

"त्या खेपेला तुम्ही मला वर घेऊन गेलात," आजी म्हणाल्या. "तसंच चला. तुम्ही नुसते उभे राहिलात की काम होतं."

त्यांनी हात पुढे केला. सुरकुतलेला, किल्लीनं घट्टे पडलेला हात. काकांनी तो धरला. सगळे वाट पाहत होते की आता ऐकणारा माणूस उठेल, दोघं जिन्यानं हळूहळू वर जातील, मागून फोटो निघेल. काका उठलेही. पण जिन्याकडे वळले नाहीत. त्यांच्या कपाळावर जुन्या आठ्या चढल्या, मान ताठ झाली, आणि बसच्या मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत पोचणारा तो आवाज, इतकी वर्षं दाबून ठेवलेला, एकदम बाहेर आला.

"कशाला जायचं वर? वर काही नाही, आजी! सही झालीय! तुमची खोली केव्हाच गेली! मला इथे बसवलंय ते तुमचं ऐकायला नाही, ऐकतोय असं दिसायला! ही गादी, ही फुलं, हा फोटोवाला, सगळं तेवढ्यासाठी! मी खात्याचा कान नाही हो, मी खात्याचा बुरखा आहे! ऐकलं का, साहेब? आता तुम्ही ऐका! या बाईनं पहाटे दार उघडलं म्हणून तुमचं खातं त्या वस्तीत आहे! तिला बाहेर काढायचं असेल तर तिच्या तोंडावर सांगा! मी नाही मान हलवणार!"

तिसऱ्या मजल्यावर टाइपरायटर थांबला. जिन्यात कुणीतरी पुटपुटलं, "खेकसकाका परत आले." समोर सुया थांबल्या होत्या.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला, तरी आवाज गोडच राहिला. "बाई, जरा वर येता का? काका थकलेत. मी समजावून सांगतो."

"मी इथेच बरी आहे," गुरुवारच्या बाई म्हणाल्या.

साहेब जिना चढून गेले. कचेरीनं माना आत घेतल्या. आजी बाकावर तशाच बसून होत्या. रडल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी आशेवर घरी गेले असते." मग पाणी मागितलं.

पाणी देऊन काका बाईंसमोर उभे राहिले. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"बाई, एक सांगायचंय. ते पहिलंही खोटंच होतं. त्या दिवशी मी कसला ऐकत होतो! माझी दाढ दुखत होती. तोंड उघडत नव्हतं, नाहीतर यांच्यावरही खेकसलो असतो."

बाईंनी लोकरीचा गुंडा पिशवीत ठेवला.

"गाल दिसत होता की," त्या म्हणाल्या.

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"एवढा मोठा गाल, त्यावर रुमाल. मी काय आंधळी आहे?"

"मग लिहिलं का नाही?"

बाईंनी सुया एकमेकींना लावून पिशवीत घातल्या. उत्तर त्यांच्याजवळ तयार असावं, पण ते देणं जड जात होतं.

"लिहिलं होतं. मग खोडलं. दाढेमुळे गोष्ट लहान होत होती. मला एक चांगला माणूस दाखवायचा होता. लोक फार वैतागलेले होते हो. मला वाटलं, एका दाढेनं काय बिघडतं?" त्यांनी खिडकीशेजारी टांगलेल्या चौकटीकडे पाहिलं. "तुम्ही मोठे झालात त्याचं मला वाईट वाटत नाही. तुमच्या आडोशाला खातंही मोठं झालं, ते माझ्या ध्यानात आलं नाही. आज ही गादी पाहिली तेव्हा आलं."

"या खेपेला दाढ घाला," काका म्हणाले.

गुरुवारी लेख आला. शीर्षक होतं, 'धर्मखात्यात एक माणूस ओरडतो'. पहिलंच वाक्य असं, 'त्या दिवशी या माणसाची दाढ दुखत होती, हे मी तुमच्यापासून लपवलं.' पुढे सगळं होतं. सुजलेला गाल, कात्रणवाल्या माणसासाठी बाकावर येऊन बसलेले काका, गादी, फुलदाणी, आजींचा पुढे आलेला हात. स्वतःला बाईंनी एका शब्दानंही सोडलं नव्हतं. बायकोनं ते उभ्यानंच वाचून दाखवलं. शेवटाला तिचा आवाज फुटला, म्हणून उरलेलं काकांना चष्मा लावून स्वतः वाचावं लागलं.

शहरात दुसरं काही बोललं जात नव्हतं. ज्यांनी करुणा पाहिली होती त्या लेखकांनी आता लिहिलं की आम्हाला पहिल्यापासून शंका होतीच. कुलूपवाल्यानं जुना शब्द पुसून पुन्हा बाहेर काढला. खात्याच्या फोनची घंटा थांबेना. शेवटी गोड भाषेत एक निवेदन निघालं की केंद्राचा नकाशा बदलण्यात येत आहे आणि किल्लीवाल्या आजी हयात असेपर्यंत खोलीला धक्का लागणार नाही. खिडकीशेजारची चौकट उतरली, भिंतीवर तेवढा फिकट चौकोन राहिला.

आणि काकांना तळघरातलं टेबल मिळालं.

वरची खिडकी एका नव्या मुलीला दिली. काकांनी सामान आवरलं, चष्म्याची डबी, पाण्याची बाटली, खुर्चीची जुनी गादी, आणि दगडी पायऱ्यांनी खाली गेले. खाली कपाटं, धूळ, एक मिणमिणता दिवा. साहेबांनी सांगितलं होतं तसंच, बोलायला कुणी नव्हतं, आणि ऐकायलाही काही नव्हतं. पहिला दिवस काकांनी कपाटं पुसण्यात घालवला. केलं ते बरोबर केलं याबद्दल मनात शंका नव्हती, पण सारखे कान वर जिन्याकडे लागत होते आणि त्याची त्यांना स्वतःलाच चीड येत होती.

दुपारी जिन्यात काठीचा आवाज आला. एक पायरी, मग थांबणं. मग आणखी एक. काका दारापाशी गेले. आजी भिंतीला धरून उतरत होत्या, कमरेला किल्ली लोंबत होती.

"अहो, कशाला उतरलात एवढ्या पायऱ्या?" काका धावले. "वर कुणाला तरी सांगायचं ना! काय काम काढलंत?"

आजींनी शेवटची पायरी उतरून दम घेतला.

"काम काही नाही," त्या म्हणाल्या. "पेपरातलं वाचून दाखवलं वस्तीतल्या पोरांनी. म्हटलं विचारून यावं. दाढ कशी आहे आता?"

काकांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. या खेपेला कुठे काही दुखत नव्हतं, तरी शब्द फुटेना. त्यांनी नुसती मान हलवली, एकुलती एक खुर्ची पुसून पुढे ओढली आणि आजींना बसवलं. आजी बसल्या आणि पहाटे दार उघडलं तेव्हा कोण कोण आलं होतं ते सांगू लागल्या.